पिवळ्याचे पांढरे

भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी तांदूळ संकेतस्थळावरून विकणाऱ्याची बोटे वाचनाने नव्हे, सवयीने चालतात. ‘प्रतिकिलो’ व ‘प्रतिपोते’ या रकान्यांची अदलाबदल झाली, की पोत्याला किलोचा दर लागून तक्रारीचा अर्ज दाखल होतो. ई-बे या अमेरिकन लिलावस्थळाची आख्यायिका अशी, की पानाची पिवळी पार्श्वभूमी एकाएकी पांढरी होताच विक्रेत्यांनी एवढा गिल्ला केला, की पिवळा रंग पुन्हा बहाल करावा लागला. पुढे तोच महिनोन्‌महिने फिका करीत नेला, तेव्हा कोणाचीच हरकत आली नाही. फरक मूळ परिमाणाच्या विशिष्ट अंशाहून अल्प असल्यास इंद्रियांस जाणवत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबरने एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते. युक्ती चतुर, किंचित लबाडही. मात्र रकान्यास ती लागू नाही, कारण तो रोज तसूभर सरकला तर बोटे रोजच चुकतील.