जहाजाचे एंजिन बदलणे
जहाजातील मूळ प्रचालन यंत्रणा काढून तिच्या जागी नवी बसविण्याची क्रिया. पोलादी सांगाडा सुस्थितीत असूनही एंजिन फार इंधन खाऊ लागते किंवा त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, तेव्हा हा मार्ग पतकरतात. मात्र जहाज हे एंजिनाभोवती बांधलेले असल्याने एक यंत्र बदलताना अनेक गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली अडचण वाटेची. एंजिन तळाशी असून त्यावर अनेक डेक असतात. म्हणून कुशीचा पत्रा कापून किंवा धुराडे उचलून मार्ग करतात. नवे एंजिन हलके असल्यास तळाचा भार घटून गुरुत्वमध्य वर सरकतो व स्थैर्य पुन्हा तपासावे लागते. सर्वांत नाजूक काम एंजिन व प्रचालक दंड एका रेषेत आणण्याचे होय. कोरड्या गोदीत ठोकळ्यांवर टेकलेला सांगाडा पाण्यावर तरंगू लागला की किंचित वाकतो. उन्हाने डेक तापल्यानेही त्याचा आकार बदलतो. त्यामुळे अखेरची मोजमापे जहाज तरंगते ठेवून, शक्यतो ऊन चढण्यापूर्वी घेतात. ही रेषा चुकल्यास धारवे तापून झिजतात. शिवाय जुना पंखा नव्या एंजिनाच्या गतीशी जुळेलच असे नाही. दंडाच्या पीळ-कंपनांचे गणितही नव्याने करावे लागते.

क्वीन एलिझाबेथ २ हे ब्रिटिश प्रवासी जहाज १९६९ मध्ये सेवेत आले, तेव्हा त्यात बाष्पित्रे व वाफ टरबाइने होती. १९८६-८७ मध्ये जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे सु. सहा महिन्यांत ती काढून नऊ डीझेल एंजिने, जनित्रे व प्रत्येकी ४४ मेगॅवॉटची दोन विद्युत् चलित्रे बसविण्यात आली. धुराडे काढून झालेल्या विवरातून जुनी यंत्रे वर काढली व नवी आत सोडली. मूळची वाफ बंद झाल्याने तापनादी कामांसाठी एंजिनांच्या उष्ण निष्कास वायूंवर चालणारी बाष्पित्रे घालावी लागली. इंधनात सु. एक तृतीयांश बचत झाली. पंख्यामागे बसविलेल्या, मुक्तपणे फिरणाऱ्या चक्रांची बहुतेक पाती मात्र सागरी चाचणीतच तुटली व ती चक्रे काढून टाकावी लागली. त्यांच्याविनाच हे जहाज २००८ पर्यंत धावले.

आंतरराष्ट्रीय वायुप्रदूषण नियम २००५ मध्ये अंमलात आले. मूळच्याहून वेगळ्या प्रकारचे एंजिन बसविल्यास, सांगाडा कितीही जुना असला तरी, त्यास सामान्यतः बदलाच्या वेळचेच नायट्रोजन ऑक्साइडांविषयीचे नियम लागू होतात.