स्पीकरची गुणगुण आणि तिसरी पिन

गणपती आणि नवरात्र आटोपले की माझ्या टेबलाशेजारी नादुरुस्त स्पीकरांची रांग लागते. पूर्वी ॲम्प्लिफायर वेगळा आणि स्पीकर वेगळा असे. आता ॲम्प्लिफायर खोक्याच्या आतच असतो. वायर सॉकेटला लावली, माईक जोडला की झाले. सोय झाली खरी. पण ‘स्पीकर गेला’ असे सांगत कुणी आले, की नेमके काय गेले ते मलाच शोधावे लागते.

सर्वांत जास्त तक्रार असते ती गुणगुणीची. आमच्या धंद्यात तिला ‘हम’ म्हणतात. तिचे मूळ शोधणे अगदी सोपे आहे. माईक, मिक्सर, सगळ्या केबली काढा आणि नुसता स्पीकर चालू करा. गुणगुण राहिली तर दोष आत आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते; ती एकदिश केली की सेकंदाला १०० हिसके उरतात. हे हिसके मोठा फिल्टर कपॅसिटर सांभाळतो. नळाला पाणी थांबूनथांबून आले तरी गच्चीवरच्या टाकीमुळे धार सारखी पडते, तसेच हे. उष्णतेने कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, टाकी जणू लहान होते आणि हिसके ऐकू येऊ लागतात. डोके फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो.

केबली काढताच गुणगुण थांबली तर मात्र स्पीकर बहुधा निर्दोष असतो. मिक्सर एका सॉकेटवर, स्पीकर मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर. दोन्हींचे अर्थिंग केबलच्या जाळीतून पुन्हा जोडले जाते आणि त्या वेढ्यातून नको तो प्रवाह फिरतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, तीन तारांची बॅलन्स्ड केबल वापरा. तेवढ्याने भागले नाही तर आवाजाच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

पण पुष्कळ जण काय करतात? प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकतात. गुणगुण थांबते, सगळे खूश! आता समजा, आतल्या फेजच्या वायरचे आवरण घासून ती लोखंडी पत्र्याला टेकली. अर्थिंग असते तर फ्यूज उडाला असता. ते नसल्यामुळे २३० व्होल्ट पत्र्यावर, तिथून केबलच्या जाळीतून माईकच्या धातूच्या अंगावर येऊ शकतात. आणि माईक धरणारा पावसाने भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभा असतो. पिन कापलेला स्पीकर आला तर मी आधी प्लग बदलतो. गिऱ्हाईक कुरकुरते, कुरकुरू दे.

अजिबात चालूच न होणाऱ्या स्पीकरचा फ्यूज पाहावा. नवा घालताना त्याच अँपिअरचा घ्यावा, चांदीचा कागद गुंडाळू नये. मी तो थेट विजेवर लावत नाही, ‘सिरीज लॅम्प’वर लावतो, म्हणजे वाटेत १०० वॅटचा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. यासाठी जुना तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. तो मिळणे हल्ली कठीण झाले आहे, म्हणून मी चार जपून ठेवले आहेत. आणि घरी खोके उघडणाऱ्यांनो, प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट काही काळ राहू शकतात. ठाऊक नसेल तर हात घालू नका.

मोठा शंकू तपासणे मात्र निर्धोक आहे. स्पीकर बंद करून, प्लग काढून त्याच्या दोन्ही तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘खट’ आवाज आला तर कॉइल शाबूत आहे. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहाच दाखवतो, त्याने घाबरू नये. शंकू बोटांनी हलकेच दाबताना खरखर लागली तर कॉइल घासते आहे.

एकाच मांडवातले तीन-चार स्पीकर एकदम गेले, तर मी बोर्ड उघडण्याआधी मांडवाची वायरिंग विचारतो. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल निसटला की काही सॉकेटांवर २३० च्या कितीतरी वर व्होल्टेज जाते. अशा वेळी स्पीकर दुरुस्त करून देतोच, पण न्यूट्रलचा स्क्रू आवळल्याशिवाय तो परत लावू नका, असे चिठ्ठीवर लिहून देतो.