सायकलमार्ग कुणी आखावा?

गुडघेदुखीने बेजार झालेल्या ७२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांना मी गेल्या वर्षी सायकल चालवण्याचा सल्ला दिला. सायकलवर शरीराचा बराचसा भार आसन पेलते, त्यामुळे सांध्यावर ताण कमी पडतो आणि मांडीचे स्नायू मात्र बळकट होतात. तीन आठवड्यांनी ते आले, ते मनगटाला प्लास्टर घालून. दुचाक्या घुसू नयेत म्हणून सायकलमार्गाच्या तोंडाशी रोवलेल्या खांबाला त्यांचे हँडल अडकले होते.

ही घटना पुण्यातली; एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या गावातली. वाचकहो, तो मार्ग मी नंतर स्वतः चालून पाहिला. खांब कुणा एका विभागाने रोवले, चेंबरची उंचावलेली झाकणे दुसऱ्याने बसवली, विजेची पेटी तिसऱ्याची. प्रत्येकाने आपापले काम केले होते. तिथून सायकल जाईल की नाही हे पाहणे मात्र कुणाचेच काम नव्हते. पुण्यासाठी सर्वंकष सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आहे. तेव्हा उणीव कागदाची नाही.

मग आखणीचे नेतृत्व कुणाकडे असावे? वाहतूक पोलिसांचे पहिले लक्ष वाहने अडू नयेत याकडे असणार, आणि ते स्वाभाविक आहे. पहाटे वेगाने तीस-चाळीस किलोमीटर जाणारे हौशी सायकलपटू सभांमध्ये हिरिरीने बोलतात. परंतु त्यांना मुळात असल्या मार्गाची फारशी गरजच नसते. आम्हा डॉक्टरांकडे तर हे काम मुळीच देऊ नये.

नेदरलँड्सचा अनुभव येथे बोधक आहे. तेथे १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. रस्ता कुणासाठी, हा प्रश्न आधी नागरिकांनी लावून धरला. त्याची मोजमापे अभियंत्यांनी पुढे कित्येक वर्षे घडवली. माझ्या मते क्रम हाच असावा. नेतृत्व महापालिकेतील एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे द्यावे आणि खांबापासून झाकणापर्यंत सर्व विभागांवर त्याचा शब्द चालावा. मात्र त्याने आखणी करताना डोळ्यांपुढे आठ वर्षांचे मूल आणि बहात्तर वर्षांचा ज्येष्ठ ठेवावा.

ज्येष्ठाचे शरीर काय मागते, एवढे मात्र डॉक्टर सांगू शकतो. सायकल सावकाश चालवली की ती अधिक डुलते. म्हणून हळू जाणाऱ्याला रुंदी कमी नव्हे, जास्त लागते. मानेचे मणके झिजलेल्या माणसाला मागे वळून बस पाहता येत नाही, त्याला वाहनांपासून वेगळा मार्गच हवा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तिन्हीसांजेला करड्या फरशीवरचा करडा खांब दिसत नाही. त्याला पिवळा रंग देण्यास असा कितीसा खर्च येतो!

आणि जे सायकल चालवत नाहीत, त्यांचे काय? पदपथाचाच अर्धा भाग रंगवून त्याला सायकलमार्ग म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ऐकू कमी येणाऱ्या आजींना मागची घंटा कळत नाही. त्या दचकतात, तोल जातो. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे घरात शुश्रूषा केलेल्यांना सांगायला नको. सायकलीसाठी जागा घ्यायची ती वाहनांच्या आणि पार्किंगच्या वाट्यातून; चालणाऱ्यांच्या वाट्यातून नव्हे.

अनेक वर्षांनी पुन्हा सायकल धरणाऱ्यांनी दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतके आसन खाली घ्यावे. चक्कर येत असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे वा इन्सुलिन चालू असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पुण्यात नागरिकांना आपल्या भागातील कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. प्लास्टर निघाल्यावर आमचे शिक्षक टेप घेऊन त्या खांबांपाशी गेले. दोन खांबांमधले अंतर आणि आपल्या हँडलची रुंदी असे दोनच आकडे त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्जावर लिहिले आणि क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घेतली. उत्तर अजून यायचे आहे. ते दर सोमवारी चौकशीला जातात. चालत.