अ‍ॅम्प्लिफायर का रुसतो?

मंडळी, अमेरिकेतल्या आपल्या घरांतून हे दृश्य नवं नाही. मुलांच्या हातात लायसन्स येतं, घरातली जुनी गाडी त्यांच्या वाट्याला जाते आणि उन्हाळ्याच्या पहिल्या कमाईतून ट्रंकमध्ये वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर येऊन बसतात. आठवडाभर अख्ख्या गल्लीला ठेका ऐकू येतो. मग तक्रार सुरू होते, "बाबा, गाणं मध्येच बंद पडतं!" दुकानात विचारावं तर पुष्कळदा उत्तर मिळतं, "नवा घ्या." काही उत्साही मंडळी परस्पर मोठा फ्यूज घालून मोकळी होतात. पहिल्या उपायात पैसे जातात, दुसऱ्यात गाडी पेटायची भीती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला हा प्रकार.

आमचं म्हणणं असं की, मध्येच बंद पडणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो स्वतःचा जीव वाचवत असतो. त्याच्या पोटात एक राखणदार सर्किट असतं. अ‍ॅम्प्लिफायर फार तापला, व्होल्टेज फार उतरलं किंवा स्पीकरच्या बाजूला शॉर्ट झालं, की ते कारभार थांबवतं. पुष्कळ मॉडेलांवर तेव्हा 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लागतो. म्हणून आधी एकच गोष्ट नीट पाहायची: तो नेमका केव्हा बंद पडतो?

अर्धा-पाऊण तास वाजून बंद पडला आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू झाला, तर कारण उष्णता. सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळलेल्या, उन्हात तापलेल्या गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला वारा कुठून मिळणार? त्याच्या भोवती दोन-तीन बोटं तरी मोकळी जागा हवी. 'गेन'चं बटणही पाहा. तो आवाज वाढवायचा कान नव्हे. रेडिओकडून येणाऱ्या सिग्नलशी जुळवून घेण्यासाठी तो असतो. शेवटपर्यंत पिळला तर आवाज फाटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर व वूफर दोन्ही तापतात. तिसरं कारण जोडणीचं. 4 ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की 2 ओहम होतात. दोन चॅनेल 'ब्रिज' करून वापरताना पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांना 4 ओहमपेक्षा कमी भार झेपत नाही. माहितीपुस्तकातला आकडा पाहूनच जोडावं.

आवाज मोठा केल्यावर, नेमका ठेका पडताना बंद होत असेल, तर व्होल्टेज तपासा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात, बंद असताना भरलेल्या बॅटरीचे 12.6. आता गणित पाहा. 500 वॉटचा 'डी' क्लासचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे 45 अँपिअर ओढतो. वाटेत कुठं 0.05 ओहमचा अडथळा असला, तरी सव्वादोन व्होल्ट तिथंच खर्च होतात. इंजिन बंद असेल तर 12.6 मधून उरले 10.35! बरेच अ‍ॅम्प्लिफायर दहाच्या आसपास मान टाकतात.

हा अडथळा बहुधा ग्राउंडला, म्हणजे आपल्याकडच्या अर्थिंगला असतो. गाडीच्या पत्र्यावरचा रंग न खरवडता स्क्रू मारला, की वरून घट्ट पण आतून कच्चा. साधा मल्टीमीटर घ्या. गाणं जोरात चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंड टर्मिनलला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर चोर तिथंच सापडला. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा, पत्रा सॅंडपेपरनं चकचकीत घासा आणि बोल्ट घट्ट आवळा. ग्राउंड ठीक निघालं, तर तीच परीक्षा पॉझिटिव्ह तारेची. स्वस्त तारा पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या असतात. अ‍ॅल्युमिनिअमचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त.

किल्ली फिरवताच लाल दिवा लागत असेल, तर सगळं बंद करून स्पीकरच्या आणि सिग्नलच्या तारा सोडवा आणि पुन्हा सुरू करा. तरी लालच? मग दोष बहुधा आतला. दिवा नीट लागला, तर पुन्हा बंद करून एकेक तार जोडत जा. ज्या तारेला तो रुसेल, ती कुठं सोलली जाऊन पत्र्याला टेकली आहे का, पाहा. 4 ओहमचा धड वूफर सुटा मोजला तर मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास येतो. शून्याजवळ आला तर त्याची कॉइल जळालेली समजा.

आणि खड्ड्यात किंवा वळणावर बंद पडत असेल, तर सैल जोड शोधा. रेडिओकडून येणारी 'रिमोट'ची बारीक तार विसरू नका. बंद पडतानाच तिच्यावरचे 12 व्होल्ट गायब होत असतील, तर अ‍ॅम्प्लिफायर बिचारा निर्दोष आहे.

आता फ्यूजविषयी, कारण इथं चेष्टा नाही. बॅटरीजवळचा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो बॅटरीपासून 18 इंचांच्या आत हवा आणि तारेच्या जाडीला साजेसाच हवा. मोठा घातला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि तार कार्पेटखाली लाल होते. त्याच तारेवर आपली मुलं बसलेली असतात. तार इंजिनकडून आत येते त्या भोकाला रबराची कडी आहे ना, हेही बघून घ्या.

एवढं सगळं एका शनिवारच्या सकाळी, मुलांना बरोबर घेऊन होतं. नववी-दहावीत शिकलेला ओहमचा नियम त्यांना गाडीत दिसतो, आणि आपल्यालाही! त्यातूनही दुकान गाठायची वेळ आली, तर हातात मोजलेले आकडे असतील. मग "नवा घ्या" म्हणणाऱ्याला आधी त्या आकड्यांचं उत्तर द्यावं लागेल.