रेंडरमधले काजवे: सॅम्पल न वाढवता इमारतीचं चित्र स्वच्छ कसं करायचं?

गेल्या पाडव्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये माझा जुना लॅपटॉप घुं घुं करत होता. एका बिल्डरला नव्या इमारतीचे सहा व्ह्यू सकाळी दहापर्यंत हवे होते, पाडव्याच्या बुकिंगसाठी. दिवसाचे पाच झाले होते. सहावा संध्याकाळचा: निळसर आकाश, घरांत दिवे, बाल्कनीला काचेचं रेलिंग. आणि त्या सगळ्या चित्रावर पांढरे ठिपके.

व्हॉट्सॲपवर ‘नवीन प्रोजेक्ट’ म्हणून येतात ना, तसलीच ही चित्रं. मी ती ब्लेंडरमध्ये, सायकल्स इंजिनवर करतो. त्या ठिपक्यांना ग्राफिक्सवाले फायरफ्लाय म्हणतात, म्हणजे आपले काजवे. फरक एवढाच की खरे काजवे मे महिन्यात बघायला लोक पैसे देऊन जातात.

माझा पहिला उपाय सगळ्यांचा असतो तोच: सॅम्पल वाढवले. २५६ चे १०२४ केले. ३५ मिनिटांचं रेंडर सव्वादोन तासांवर गेलं, आणि ठिपके? थोडे फिके झाले, पण संख्येने वाढले! का, ते समजून घेऊ.

१९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी मांडलेली पाथ ट्रेसिंगची पद्धत आजही वापरात आहे. कॅमेऱ्यातून किरण उलटा सोडायचा, तो भिंतीवर, काचेवर आपटत जातो, कुठे उजेड सापडला तर तो मोजायचा. प्रत्येक पिक्सेलसाठी असे शेकडो किरण, आणि शेवटी सरासरी. आता समजा १ म्हणजे स्क्रीनवर पांढराशुभ्र. २५६ पैकी २५५ किरणांना काहीच मिळालं नाही, पण एक किरण नशिबाने काचेतून वाकून बरोबर बल्बवर गेला आणि ५००० घेऊन आला. सरासरी जवळपास २०. पिक्सेल पांढरा! १०२४ सॅम्पलला तीच सरासरी ५ च्या आसपास, म्हणजे तरीही पांढराच. शिवाय किरण चौपट, म्हणून असे नशीबवान किरणही जास्त. साधी खरखर निम्मी करायलाही चौपट सॅम्पल लागतात, काजव्यांसाठी तर हा मार्ग परवडतच नाही.

तेव्हा आधी शोधायचं, हा किरण आला कुठून. माझ्याकडे उत्तर काचेत होतं. सायकल्समध्ये ग्लास मटेरियल लावलं की दिव्याकडे थेट जाणारा किरण तिथेच अडतो. मग खोलीतला बल्ब इंजिनला सरळ ‘दिसत’ नाही, योगायोगानेच सापडतो. खिडकीची सपाट काच उजेड फारसा वाकवत नाही, मग एवढा हिशेब कशाला? मी ग्लास काढून ट्रान्सपरंट आणि ग्लॉसी यांचं मिश्रण लावलं, प्रमाण फ्रेनेलवर सोडलं. प्रतिबिंब तसंच राहिलं, उजेड सरळ आरपार गेला. रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्सची खूणही काढली. बहुतेक ठिपके तिथेच गेले, आणि २५६ चंच रेंडर ३० मिनिटांत झालं.

उरलेल्यांसाठी क्लॅम्प. लाइट पाथ्समध्ये इनडायरेक्ट क्लॅम्प मुळात १० असतो. मी कुठलातरी व्हिडिओ बघून तो शून्य केला होता, म्हणजे बंदच. (असे व्हिडिओ बघताना कारण विचारत जा.) १० केल्यावर तो ५००० वाला किरण १० वर कापला जातो, २५६ मध्ये त्याचा वाटा फक्त ०.०४. पण यात खरा उजेडही थोडा कापला जातो, म्हणून आकडा २-३ वर आणला की घरातले दिवे मरगळलेले दिसतात. काच आधी, क्लॅम्प नंतर.

काही काळे डाग मात्र कशानेच जात नव्हते. त्यांचा उजेडाशी संबंधच नव्हता. प्लॉटच्या सर्व्हेतून आलेली फाइल, तिच्यात यूटीएमचे आकडे. बदलापुरात उत्तरेकडचं अंतर २१ लाख मीटरच्या पुढे जातं, आणि ३२ बिटच्या आकड्यांना तिथे २५ सेंटिमीटरपेक्षा बारीक फरक कळत नाही. भिंत आणि प्लास्टर एकमेकांत घुसणारच! मूळ फाइलमध्येच मॉडेल शून्याजवळ सरकवून पुन्हा आणलं आणि डाग गेले.

शेवटी डीनॉइज. इंटेलचं ओपन इमेज डीनॉइज २०१९ पासून ब्लेंडरमध्ये आहे. त्याला आल्बेडो आणि नॉर्मल दोन्ही द्या, म्हणजे कडा आणि टाइल्सच्या रेघा टिकतात. काजवे असताना ते लावलं तर ठिपक्याचा गुळगुळीत डाग होतो, म्हणून ते सगळ्यात शेवटी. १२८ सॅम्पल आणि डीनॉइज मिळून काम सोळा मिनिटांत झालं. मोठ्या होर्डिंगला मी २५६ च ठेवतो, नाहीतर रेलिंगच्या बारीक सळ्या विरघळल्यासारख्या दिसतात. व्हॉट्सॲपसाठीही स्वच्छ चित्रच बरं, कारण खरखर कॉम्प्रेशनमध्ये आणखी विद्रूप होते.

पावणेतीनला लाईट गेली. तोवर फाइल सेव्ह झाली होती. फोनवर उघडली, ब्राइटनेस पूर्ण करून झूम केलं, तर तिसऱ्या मजल्यावर एक ठिपका शिल्लक. सकाळी लाईट आल्यावर तो गिंपमध्ये क्लोन टूलने पुसला आणि साडेनऊला सहाही व्ह्यू पाठवून दिले.