हृदयाची वाट : मनगट कीं जांघ?

हृदय छातींत आणि सुई मात्र मनगटास, हें ऐकून आम्हांस प्रथम नवलच वाटलें. गतवर्षीं आमच्या वडील बंधूंच्या हृदयधमन्यांची तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी, ठरली. डॉक्टर म्हणाले, "मनगटांतून करूं, न जमल्यास जांघेंतून." वहिनींस उगाच घोर नको, म्हणून हें दुसरें वाक्य आम्ही त्यांस सांगितलें नाहीं.

हातापायांच्या धमन्या महाधमनीच्याच शाखा होत. म्हणून हाताच्या वा पायाच्या धमनींतून सरकविलेली बारीक नळी हृदयाशीं पोंचते. जांघेंतील धमनी रुंद. त्यामुळें पुष्कळ वर्षें तोच राजमार्ग होता. १९८९ सालीं माँट्रिअलच्या डॉ. काँपो ह्यांनीं मनगटांतून केलेल्या तपासण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९९२ सालीं ॲम्स्टरडॅमच्या डॉ. किमेनाय ह्यांनीं त्याच वाटेनें धमनी रुंद करण्याचा उपचारही केला.

वैद्य जिच्यावर बोटें ठेवून नाडी पाहतात, तीच ही धमनी. ती त्वचेलगत असून तिच्याखालीं हाड आहे. त्यामुळें दाब देऊन रक्त थांबविणें सोपें. पंजास दुसऱ्या धमनीचेंही रक्त मिळतें, आणि रोगी लौकर उठून बसतो. जांघेंतील धमनी खोल. तेथील रक्त क्वचित् पोटामागें साचतें व बाहेरून दिसतही नाहीं. २०११ सालच्या 'रायव्हल' अभ्यासांत ७,०२१ रोगी होते. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व मोठा रक्तस्राव ह्यांच्या एकत्रित प्रमाणांत दोन्ही मार्गांत विशेष अंतर आढळलें नाहीं. परंतु धमनीच्या जागीं मोठी इजा जांघेच्या मार्गानें शेंकडा ३.७, तर मनगटाच्या मार्गानें १.४ जणांस झाली.

आमच्या बंधूंची मनगटांतील धमनी मात्र आकसली. नळी पुढें जाईना. डॉक्टरांनीं जांघेची वाट धरली. तें कळतांच वहिनींचा चेहरा उतरला. "भावोजी, कांहीं बिघडलें का हो?" बिघडलें कांहींच नव्हतें. धमनी बारीक वा वळणाची असली, किंवा मोठें उपकरण न्यावयाचें असलें, तर जांघच सोयीची. बंधू कांहीं तास पाय सरळ ठेवून निजले आणि दुसऱ्या दिवशीं घरीं आले.

तात्पर्य, मनगटांतून होईल का, हें अवश्य विचारावें. रक्त पातळ करणारीं औषधें वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधींच सांगावें. आणि मार्ग बदलला म्हणजे अपयश आलें, असें मानूं नये. डॉक्टरांचें तें दुसरें वाक्य आम्ही वहिनींस वेळीं सांगितलें असतें, तर ती घटका त्यांस इतकी जड गेली नसती.