दोन सेकंदांची खोट

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला दोन खोडी जडतात. कागद जपून ठेवायचे, आणि दुसऱ्याने घातलेल्या टोटलवर विश्वास ठेवायचा नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात या दोन्ही खोडी अमेरिकेत कामी आल्या.

आमचे चिरंजीव इंडियाना राज्यात कोलंबस गावी असतात. त्यांनी जुने मोटारघर विकत घेतले होते. चाकांवरचा संसार म्हणा ना! ओटा, पलंग, संडास, सगळे आत. आणि डॅशबोर्डवर चक्क कॅसेट प्लेअर. मी हरखलो. पेटीत जपून आणलेली कॅसेट लगेच लावली. १९८६ साली वाईच्या घरी आई पहाटे दळत असताना मी चोरून भरलेली. आई १९९१ मध्ये गेली. तिचा आवाज तेवढाच उरलेला.

चार ओव्या झाल्या नि आवाज घोगरा होत बंद पडला. फीत यंत्राने गिळली होती.

"बाबा, ओढू नका," चिरंजीव म्हणाले. "सगळा सेटच बाहेर काढू. नाहीतरी बदलायचाच होता."

आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा सोडवल्या. दोन्ही म्हणजे, मोटारघरात एक बॅटरी इंजिनाची आणि एक संसाराची असते. नालेच्या आकाराच्या दोन पट्ट्या कडेच्या फटींत सारल्या, तसा सेट अलगद हातात आला. मागे तारांचे जंजाळ! पिवळी कायमच्या विजेची, तांबडी किल्लीबरोबर चालू होणारी, काळी जमिनीची. पांढऱ्या, करड्या, हिरव्या, जांभळ्या जोड्या चार स्पीकरांच्या. आधीच्या मालकाने मात्र वाटेल तसे सांधे मारलेले. मी वही काढून जमा-खर्च मांडला. पिवळी आणि तांबडी, दोन्ही इंजिनाच्या बॅटरीवर निघाल्या! म्हणजे रात्री तळावर गाणी ऐकत बसावे आणि सकाळी गाडीने उठायचे नाव घेऊ नये. दोन्ही संसाराच्या बॅटरीवर आणल्या, तांबडीच्या वाटेत बटण घातले. एका निळ्या तारेचा हिशेब शेवटपर्यंत लागला नाही. तिला चिकटपट्टी गुंडाळून मी 'सस्पेन्स' खात्यात टाकली.

नवा सेट तासाभरात बसला. त्याला पडदा आहे, फोनशी बोलतो, कॅसेटला मात्र तोंड नाही.

खरे काम जुन्याचे होते. झाकण उघडले तर फीत रबरी चाकावर गुंडाळलेली. चिरंजीवांनी ते चाक बोटाने उलटे फिरवत फीत सोडवली. लहानपणी सुईत दोरा ओवायला मी यालाच बसवीत असे, ते आठवले. दहा सेंटिमीटर फीत पार चुरगळली होती. तेवढी कापली आणि टोके खास पट्टीने जोडली. साधी चिकटपट्टी डिंक सोडते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे आईचे दोन सेकंद गेले. कुठले, ते ऐकल्याशिवाय कळणार नव्हते, आणि ऐकायचे धाडस होईना.

चिरंजीवांनी जुन्या बाजारातून वॉकमन आणला, तारेने नव्या सेटला जोडला. शनिवारी तळावर, सगळे जेवल्यावर, बटण त्यांनीच दाबले. एका ओवीचा शेवटचा शब्द गळाला होता. सौ.ने तो तिच्या नकळत पुरा केला.

आठ वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, मागे ती घरघर कसली? मशीन परत बिघडलं?"

"जातं आहे ते," म्हणत सौ.ने तिला समोर बसवले, तिची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि घडीच्या टेबलावर गोल फिरवू लागली.